स्पीड डायलमधील वाचनखुणांसाठी स्वतःची लघुचित्रे कशी तयार करावीत?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. माझे वडील निवृत्त शिक्षक असून गावी एकटे राहतात. त्यांच्या लॅपटॉपवर मी विवाल्डी हा ब्राउझर बसवून दिला आहे. नवी खिडकी उघडताच त्यांच्या नेहमीच्या बारा वाचनखुणा (बुकमार्क) मोठ्या चौकटींच्या रूपात, म्हणजे स्पीड डायलमध्ये, समोर याव्यात आणि त्यांना पत्ता टंकत बसावे लागू नये, एवढाच माझा हेतू होता. प्रत्यक्षात त्या चौकटींमधील लघुचित्रांनीच घोटाळा करून ठेवला आहे. ब्राउझर स्वतःहून पानाचे जे चित्र टिपतो, त्यात वीजबिल, बँक आणि पेन्शन या तिन्ही ठिकाणी प्रवेशाचे पांढरे पान आणि मध्यभागी दोन रिकामे रकाने एवढेच दिसते. सातबाऱ्याच्या आणि दाखल्यांच्या शासकीय पानांची चित्रे इतकी सारखी आहेत की मलाही खालचे नाव वाचल्याशिवाय फरक कळत नाही. एका वृत्तपत्राच्या चौकटीत तर बातम्यांऐवजी 'सूचना पाठवू का?' असे विचारणारी पाटीच कायमची येऊन बसली आहे.

म्हणून मी स्वतः चित्रे तयार करायला घेतली. माझ्याकडे विंडोजमधील साधा पेंट आहे आणि त्याहून अवघड काही शिकण्याची सध्या तयारी नाही. पहिल्या प्रयत्नात पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तो लहान केला, तेव्हा अक्षरांचा चिखल झाला. दुसऱ्या प्रयत्नात संकेतस्थळाचे बोधचिन्ह घेतले, ते आडवे ताणले गेले आणि गोल चिन्हाचे अंडे झाले. चित्राची नेमकी लांबी-रुंदी किती ठेवावी, त्यावर मराठीत नाव लिहिणे योग्य ठरेल का, आणि हीच चित्रे माझ्या स्वतःच्या फायरफॉक्समध्ये वापरता येतील का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

पिक्सेलपंत

ताई, तुमच्या दोन्ही प्रयत्नांचे दोष वेगवेगळे आहेत, म्हणून ते वेगवेगळेच पाहू.

अंड्याचे कारण लांबी-रुंदीच्या प्रमाणात आहे. विवाल्डीच्या स्पीड डायलसाठी ४४० पिक्सेल रुंद आणि ३६० पिक्सेल उंच असे चित्र चपखल बसते, म्हणजे प्रमाण ११ ला ९ झाले. आपल्या लॅपटॉपचा पडदा बहुधा १६ ला ९ या प्रमाणात असतो. पेंटमध्ये आकार बदलताना प्रमाण कायम ठेवण्याची खूण काढून तुम्ही ४४० आणि ३६० हे दोन्ही आकडे भरले असणार, त्यामुळे चित्र चौकटीत कोंबले गेले. आधी कातरायचे आणि मगच लहान करायचे, हा क्रम पाळल्यास ताण पडत नाही. पडदा १९२० बाय १०८० असेल तर येथे एक सुखद योगायोग आहे. एफ-११ दाबून पान पूर्ण पडद्यावर आणा, त्याचा स्क्रीनशॉट पेंटमध्ये चिकटवा आणि उंचीला हात न लावता रुंदी तेवढी १३२० पिक्सेलवर कातरा. उरलेले १३२० बाय १०८० हे चित्र बरोबर ११ ला ९ असते आणि त्याचा नेमका तिसरा हिस्सा म्हणजे ४४० बाय ३६०. आता प्रमाण कायम ठेवण्याची खूण चालू असू द्या आणि रुंदीच्या रकान्यात ४४० लिहा, उंची आपोआप ३६० होते. कातरण्याची चौकट माउसने ओढताना पेंटच्या तळपट्टीवर तिची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये दिसत राहते, त्यामुळे अंदाजाने काही करावे लागत नाही.

परंतु या हिशेबातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे, अर्थात चिखलाचे, उत्तर दडलेले आहे. संकेतस्थळांवरील मजकूर साधारणपणे १६ पिक्सेल उंचीचा असतो. चित्र तिसऱ्या हिश्शावर आणले की ते अक्षर पाच-साडेपाच पिक्सेलचे होते. एवढ्या जागेत शिरोरेघ, काना, मात्रा आणि मूळ अक्षर यांतले काहीच धड मावत नाही. कितीही महागडे सॉफ्टवेअर आणले तरी त्या पाच पिक्सेलांतून वाचण्याजोगे अक्षर निघणार नाही. त्यामुळे स्क्रीनशॉटचा नाद सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बातम्यांच्या पानाचा स्क्रीनशॉट तर दुसऱ्याच दिवशी शिळा होतो, आणि वडिलांना जुनीच बातमी पुन्हा आल्यासारखे वाटते ते निराळेच.

त्याऐवजी कोऱ्या पाटीपासून सुरुवात करा. पेंटमध्ये कंट्रोल आणि ई ही कळ दाबली की चित्राच्या गुणधर्मांची खिडकी उघडते, तेथे रुंदी ८८० आणि उंची ७२० लिहा. मुद्दाम दुप्पट आकारात काम करायचे, कारण शेवटी ते अर्धे केल्यावर कडा नितळ दिसतात आणि रेघोट्यांची किरकोळ चूक झाकली जाते. पाटी एका सपाट रंगाने भरा, त्यावर एखादे ठळक चिन्ह किंवा मोठे अक्षर ठेवा आणि आकार ५० टक्के करून पीएनजी स्वरूपात साठवा. बोधचिन्ह वापरायचे असेल तर ते मुळातच मोठ्या आकारात मिळवा. पानाच्या कोपऱ्यातले ३२ पिक्सेलचे चिन्ह उचलून ताणले तर त्याच्या पायऱ्या दिसू लागतात, आणि पेंटकडे त्यावर इलाज नाही.

तयार चित्र बसवण्यासाठी स्पीड डायलमधील त्या चौकटीवर माउस नेल्यावर किंवा उजवे क्लिक केल्यावर, आवृत्तीनुसार, स्वतःचे लघुचित्र निवडण्याचा पर्याय मिळतो. मूळ फाइली एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, कारण संगणक बदलला की हे सगळे पुन्हा बसवण्याची वेळ येऊ शकते.

शिरोरेघ

मी अक्षरजुळणीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे मराठीत नाव लिहावे का, या प्रश्नावर थोडे सविस्तर बोलण्याची परवानगी घेतो.

नाव अवश्य लिहावे, मात्र पूर्ण नाव लिहू नये. चौकटीच्या खाली वाचनखुणेचे शीर्षक ब्राउझर दाखवतोच. ते शीर्षकही आपल्याला हवे तसे मराठीत बदलता येते, आणि पुष्कळ लोक नेमके तेच करायचे विसरतात. चित्रावर फक्त एक शब्द किंवा एक खूण असावी. तुमच्या यादीतील सातबाऱ्यासाठी तर आकडेच पुरेसे आहेत. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मिळून तो उतारा होतो, आणि गावाकडच्या माणसाच्या डोळ्यांत '७/१२' हे रूप इतके मुरलेले असते की ते वाचावे लागत नाही, दिसताक्षणी कळते. ८८० बाय ७२० च्या पाटीवर ते आकडे निम्म्या उंचीचे काढा.

शब्द लिहायचा झाल्यास रोमन लिपीतील सवयी येथे चालत नाहीत. रोमन मोठी अक्षरे वरच्या आणि खालच्या रेषेमध्ये ठाकठीक बसतात, म्हणून त्यांच्या लघुचित्रांत अक्षर कडेपर्यंत नेता येते. आपल्या अक्षरांना शिरोरेघेच्या वर रफार, मात्रा आणि वेलांटीचा फुगार लागतो, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय लागतो. 'पेन्शन' लिहिताना वर जागा सोडली नाही तर मात्रा कापली जाते आणि खाली 'पन्शन' की काय असा संशय येतो. पेंटमधील मजकुराची चौकट शब्दापेक्षा चांगली दीडपट उंच ओढून घ्या. पेंटबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. मजकुराच्या चौकटीबाहेर एकदा क्लिक केले की तो मजकूर चित्राचा भाग होतो आणि त्याचा टंक (फॉन्ट), आकार किंवा शुद्धलेखन नंतर सुधारता येत नाही. त्यामुळे कोरी रंगीत पाटी आधी वेगळी साठवून ठेवावी आणि प्रत्येक शब्द तिच्या प्रतीवर लिहावा. गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मजकूर स्वतंत्र थरावर राहतो आणि केव्हाही बदलता येतो, परंतु बारा चित्रांसाठी ते शिकावे असा आग्रह मी धरणार नाही.

टंकाच्या निवडीत सुलेखनाचा मोह टाळावा. ज्या टंकात जाड आणि बारीक रेघांचा फरक मोठा असतो, त्याच्या बारीक रेघा चित्र लहान केल्यावर पुसट होतात आणि अक्षर खंडित दिसू लागते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन्ही टंक विनामूल्य मिळतात. मुक्तचे ठळक वळण अशा कामाला उत्तम आहे, बालू अधिक गुबगुबीत असल्यामुळे दुरूनही वाचता येतो. शब्द लिहून झाल्यावर चित्र शंभर टक्के आकारात ठेवा आणि खुर्ची दोन हात मागे सरकवून पाहा.

जुनी किंवा देवनागरीसाठी न बनलेली सॉफ्टवेअर वापरताना वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. फोटोशॉपसारख्या मातब्बर सॉफ्टवेअरमध्येही दक्षिण आशियाई लिप्यांची सोय सेटिंगमधून आधी चालू करावी लागत असे. या फंदात मोठेमोठेही अडकलेले आहेत. विकिपीडियाच्या कोड्याच्या गोलावर निरनिराळ्या लिप्यांची अक्षरे आहेत, त्यातील देवनागरी 'वि' आणि एक जपानी अक्षर सुरुवातीच्या बोधचिन्हात चुकीचे पडले होते, ते २०१० मध्ये बोधचिन्ह नव्याने केले तेव्हा दुरुस्त झाले. सध्याच्या विंडोजमधील पेंटमध्ये युनिकोड मराठी नीट उमटते, तरीही साठवण्यापूर्वी प्रत्येक वेलांटी एकदा नजरेखालून घालावी.

खटपट्या

पिक्सेलपंतांच्या बहुतेक सूचना मला मान्य आहेत, परंतु बोधचिन्ह बाजूला ठेवून केवळ अक्षर वापरण्याकडे त्यांचा जो कल दिसतो, तो बँकेच्या बाबतीत मला पटत नाही. चौकटीतले चिन्ह आणि उघडलेल्या पानावरचे चिन्ह एकच असेल, तर आपण योग्य ठिकाणी आलो आहोत याची ज्येष्ठ माणसाला खात्री वाटते. त्यामुळे बँकेच्या पाटीवर बँकेचेच चिन्ह ठेवावे. आपल्या घरच्या संगणकापुरता तो वापर असल्याने त्यात कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. वीजबिलासाठी मात्र निळ्या पाटीवर पांढरा दिवा काढलात तरी चालेल.

रंगांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. बारा चौकटींना बारा रंग देऊ नका, लक्षात राहत नाहीत. पैशांच्या तीन पानांना निळा, सरकारी कामाला हिरवा, वाचनाला पिवळा, असे तीन-चार गट केलेत की नजर आधी गटावर आणि मग चिन्हावर जाते. माझ्या एका मामांना लाल आणि हिरवा यांतील फरक कळत नाही, ही गोष्ट मी त्यांच्यासाठी मोठ्या हौसेने सगळ्या चौकटी त्याच दोन रंगांत रंगवून झाल्यावर कळली. हा दोष पुरुषांमध्ये अधिक आढळतो, तेव्हा आधी विचारून घ्या. पांढऱ्यावर पिवळे किंवा निळ्यावर लाल अक्षर अजिबात नको. संकेतस्थळांच्या सुगमतेसाठी जी मानके वापरतात, त्यांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडातला फरक किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराचा ३ ला १ असावा असे म्हटले आहे. गडद निळ्यावर पांढरे किंवा पिवळ्यावर काळे लिहिले की हा निकष सहज पार होतो.

पीएनजीबाबत पंत बरोबर आहेत. त्यांनी कारण दिले नाही ते असे, की जेपीजी हे स्वरूप छायाचित्रांसाठी घडवलेले असून ते फाइल लहान करताना बारीक तपशील गाळते, आणि सपाट रंगावरील अक्षराच्या कडेला त्यामुळे मुंग्या लागल्यासारखे ठिपके उमटतात. पीएनजीमध्ये काहीही गळत नाही.

बारा पाट्या एकेक करून अर्ध्या करण्याचा कंटाळा आला तर इरफानव्ह्यू हे छोटे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, घरगुती वापरासाठी ते मोफत आहे. त्यात बी ही कळ दाबली की एकगठ्ठा रूपांतराची खिडकी उघडते, आणि सगळ्या फाइली एका फटक्यात ४४० बाय ३६० होतात.

दूरदेशी

फायरफॉक्सबद्दल थोडक्यात सांगते. नव्या खिडकीतील शॉर्टकट जोडताना किंवा बदलताना तेथे स्वतःचे चित्र वापरण्याचा पर्याय आहे, मात्र त्या रकान्यात चित्राचा इंटरनेटवरील पत्ता द्यावा लागतो, संगणकावरील फाइल थेट निवडता येत नाही. शिवाय तेथील चौकट चौरस असते, त्यामुळे ४४० बाय ३६० चे चित्र तेथे शोभणार नाही. चिन्ह मधोमध ठेवून त्याची वेगळी चौरस प्रत काढावी लागेल. क्रोममध्ये तर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची सोय, घेतल्याशिवाय स्वतःचे चित्र लावता येत नाही, संकेतस्थळाचे लहान चिन्ह जे असेल तेच दिसते. ती लहान चिन्हे १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर आली, तेव्हा ती १६ बाय १६ पिक्सेलची असत, आणि त्यांचा जीव अजूनही लहानच आहे.

चौकटींची मूळ कल्पना ऑपेरा या ब्राउझरची. २००७ मध्ये ऑपेरा ९.२ मध्ये स्पीड डायल आले तेव्हा नऊच चौकटी मिळत असत. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकानेच पुढे विवाल्डी काढला, म्हणून या बाबतीत तो इतरांपेक्षा उदार आहे. मी येथे परदेशात बसून आईचा संगणक सांभाळते. तुम्ही वडिलांसाठी विवाल्डीच ठेवावा, आणि स्वतःच्या फायरफॉक्ससाठी एवढा खटाटोप करू नये, असे मला वाटते.

नदीकाठची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी गावी गेले होते, त्याचा वृत्तांत देते.

पंतांच्या सांगण्याप्रमाणे ८८० बाय ७२० च्या तीन कोऱ्या पाट्या निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या रंगांत केल्या आणि त्यांच्या प्रतींवर सगळी चित्रे काढली. '७/१२' ची चौकट पाहताच बाबांनी काही न विचारता तीवर क्लिक केले. बँकेसाठी खटपट्या यांचे म्हणणे ऐकून चिन्हच ठेवले आहे. वीजबिलाचा दिवा मला जेमतेम जमला, बाबा त्याला भोपळा म्हणतात, पण भोपळा दाबला की वीजबिल येते हे त्यांच्या पक्के लक्षात राहिले असल्यामुळे तो मी बदललेला नाही.

अडचण निराळ्याच ठिकाणी आली. वाचनाच्या गटातील एका चौकटीवर मी 'लेख' असा शब्द घातला होता, टंकाचा विचार न करता संगणकावर हाताशी असलेला मंगल वापरला होता. बाबांनी चष्मा पुसून तो पाहिला आणि हा 'ल' आपला नाही, हिंदीतला आहे, असा शेरा मारला. छत्तीस वर्षे फळ्यावर पाकळ्यांचा 'ल' गिरवून घेतलेल्या माणसाला ते खटकणारच. शेजारच्या 'शेती' या चौकटीतील 'श' वरही त्यांनी बोट ठेवले. तो रोज नजरेसमोर राहणार असल्याने बदलून दे, असा त्यांचा आदेश आहे. शिरोरेघ, मराठी वळणाची ही दोन अक्षरे असलेला आणि लहान आकारातही टिकणारा टंक कोणता?

शिरोरेघ

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा आक्षेप शंभर टक्के योग्य आहे आणि तो मी आधीच सांगायला हवा होता. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची रूपे असून राज्य शासनाच्या वर्णमालेसंबंधीच्या २०२२ च्या निर्णयातही त्यांचाच पुरस्कार केलेला आहे. काही टंकांमध्ये दोन्ही रूपे असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय मराठी रूप उमटत नाही, आणि पेंटमध्ये ते सांगण्याची सोय नाही. म्हणून ज्यात मुळातच मराठी रूपे आहेत असा टंक घ्यावा. टिरो देवनागरी मराठी हा टंक गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या असल्यामुळे उतरवताना नाव नीट पाहून घ्या.

त्यात एकच गोम आहे. तो पुस्तकी वळणाचा आहे, बारीक रेघा बऱ्याच बारीक आहेत आणि ठळक रूप त्यात मिळत नाही. त्यामुळे 'लेख' हा शब्द पाटीच्या निम्म्या रुंदीवर न ठेवता जवळजवळ पूर्ण रुंदीवर पसरा. तरीही शिरोरेघ क्षीण वाटली तर तोच शब्द त्याच जागेवर एक-दोन पिक्सेल उजवीकडे सरकवून दुसऱ्यांदा लिहा, मजकुराची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायला विसरू नका. छापखान्यात हे केले तर मी ओरडेन, पण ४४० पिक्सेलच्या पाटीवर ते कोणाच्या लक्षात येत नाही.

नदीकाठची

'लेख' आणि 'शेती' दोन्ही टिरोमध्ये नव्याने केले, दोनदा लिहिण्याची युक्ती लागू पडली. फाइली बाबांना ईमेलने पाठवल्या आणि फोनवर सांगून त्यांच्याकडूनच बसवून घेतल्या. एक चौकट त्यांनी चुकून बँकेवर लावली होती, ती त्यांनीच शोधून परत बदलली. आता भोपळ्याच्या जागी खरा दिवा काढून देऊ का, असे विचारले तर नको म्हणाले.